नुमान्सियाच्या टेकडीवर, दादाबरोबर

आमच्या सातपूरच्या कॉलनीत स्पेनला जाऊन आलेला माणूस म्हणून सध्या माझी थोडी किंमत वाढली आहे. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसलं की कुणी ना कुणी विचारतंच, "काय काय पाहिलं मग?" त्यांना बैलांच्या झुंजीचं, समुद्रकिनाऱ्याचं ऐकायचं असतं. मी सांगतो की एक उजाड टेकडी पाहिली. गुडघाभर उंचीचे पडक्या भिंतींचे दगड होते, वारा होता आणि शेजारी दादा होता. ऐकणारा हिरमुसतो. त्याचंही चुकत नाही, कारण त्या टेकडीवर काय झालं हे दोन वाक्यांत सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

दादा म्हणजे अशोक, माझा थोरला भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आता अडुसष्ट वर्षांचा. दहावीनंतर आयटीआय करून तो टर्नर झाला आणि त्याच्या पगारावर मी बी.कॉम. झालो. माझी मुलगी ऋतुजा मेकॅनिकल इंजिनीअर. स्पेनमधल्या सारागोसा शहरात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती डिझाइनचं काम करते. तिने यंदा आम्हा दोघांनाही बोलावलं. "मोठे पप्पा येणार नसतील तर तुम्हीही येऊ नका," असं मला फोनवर स्पष्ट सांगितलं. वहिनी गेल्यापासून दादा कुठे जात नव्हता. मला वाटलं, नाहीच म्हणेल. तो म्हणाला, "तिथं नुमान्सिया म्हणून एक गाव हाय. रोमनांनी वेढा घातला होता. तेवढं दाखवा, बाकी न्याल तिकडं येतो."

लायब्ररीतल्या कुठल्याशा जाडजूड इतिहासात त्याने हे नाव वाचलं होतं. मी कधी ऐकलंही नव्हतं.

सारागोसा

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. शहर सुंदर, मोठी नदी, नदीवर जुना दगडी पूल. पण पहिल्या दिवशी लक्षात राहिला तो वारा. पुलावर दादाची वर गुंडाळलेली माकडटोपी डोक्यावरून निघून कठड्यापलीकडे गेली ती गेलीच. ऋतुजाने त्याला लोकरीची निळी टोपी घेऊन दिली. ती घालून तो आरशात स्वतःकडे बराच वेळ पाहत उभा होता.

ऋतुजा कामावर गेली की आम्ही दोघे खालच्या चौकात बाकावर जाऊन बसायचो. तिथे एक म्हातारा गृहस्थ रोज यायचा. आम्हाला स्पॅनिश येत नाही, त्याला इंग्रजी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने दादाच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. दादाच्या तर्जनीचं पेर लेथवर गेलेलं आहे. म्हाताऱ्याने आपला हात पुढे केला, त्याचं मधलं बोट अर्धं होतं. मग त्याने हवेत लेथचा चक फिरवल्यासारखा हात गोल फिरवून तोंडाने यंत्राचा आवाज काढला. दादाने मान डोलावली आणि आपला आवाज काढला. पुढचा अर्धा तास दोघांनी नुसत्या हातांनी गप्पा मारल्या. उठताना त्या गृहस्थाने खिशातून दोन संत्री काढून दादाला दिली. दादा घरी येऊन म्हणाला, "फिटर होता. एका माणसाला दोन मशीन द्यायचे म्हनं." हे त्याला कसं कळलं ते मला अजून समजलेलं नाही.

जेवणाच्या वेळांनी मात्र आमची दैना झाली. दुपारचं जेवण तीनला आणि रात्रीचं साडेनऊ-दहाला. आपल्याकडे तोवर भांडी घासून झालेली असतात.

सोरियाच्या वाटेवर

शुक्रवारी ऋतुजाने रजा टाकली आणि भाड्याच्या गाडीने आम्ही सोरियाकडे निघालो. नुमान्सियाची टेकडी या गावाजवळच आहे. वाटेवर कापणी झालेली पिवळी शेतं, माणूस नाही की जनावर नाही. इगतपुरीकडची हिरवाई पाहिलेल्या डोळ्यांना हा मुलूख भाजल्यासारखा वाटला. मध्येच एखादं गाव, पंधरा-वीस दगडी घरं, त्यातली निम्मी बंद. तरुण लोक शहरांत गेले, असं ऋतुजा सांगत होती. मागच्या सीटवर दादा काचेतून बाहेर बघत होता. मला माहीत होतं, त्याला ही टेकडी का बघायची आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अंबडच्या एका कारखान्यात आम्ही दोघेही नोकरीला होतो. नाव लिहीत नाही, आता तिथे ते मालकही राहिले नाहीत. दादा लेथवर, मी टाइम ऑफिसात कारकून. कामगारांची हजेरी ठेवणं हे माझं काम. अठरा वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्या कामगारांपुढे एक कागद ठेवला. पाळ्या आणि कामाचं प्रमाण कंपनी ठरवील, त्यावर तक्रार करणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. अकरा जणांनी केल्या नाहीत. दादा त्या अकरांत होता. दुसऱ्या दिवशी त्यांना गेटच्या आत घेतलं नाही. त्यांनी गेटसमोर ताडपत्री बांधली आणि तिच्याखाली तेरा महिने बसून राहिले.

अकरा माणसांसाठी कंपनीने काय करायचं ठेवलं नाही. सिक्युरिटी दुप्पट केली. मुंबईहून वकील आणले. आतल्या कामगारांना ताडपत्री दिसू नये म्हणून पुढच्या अंगाला उंच पत्र्याचं कुंपण घातलं. खिडक्यांना पडदे लावलेल्या बस भाड्याने घेतल्या. त्या आम्हाला मागच्या गेटने आत नेत आणि बाहेर सोडत. अकरा जणांचं म्हणणं मान्य केलं असतं तर याच्या पासंगालाही खर्च पुरला नसता, असं आमचे अकाउंटवाले हळू आवाजात बोलायचे.

मी रोज त्या पडद्याच्या बसने आत जायचो आणि मस्टरवर अकरा नावांपुढे 'गैरहजर' लिहायचो. त्यातलं चौथं नाव माझ्या भावाचं. संध्याकाळी दोघे एकाच घरात यायचो. वहिनी एकाच तव्यावरची भाकरी दोघांना वाढायची. तेरा महिन्यांनी ते अकरा जण थकले, थोडंफार घेऊन सगळ्यांनी नोकरी सोडली. दादा सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागला. या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आणि त्या तेरा महिन्यांतली एक गोष्ट अशी होती, जी मी दादालाच काय, बायकोलाही सांगितलेली नव्हती.

सोरिया

सोरियाला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते आणि तेवढ्यात घोटाळा झाला. दादाने सवयीने मधुमेहाची गोळी घेतली, आता जेवणच आहे असं धरून. जेवण कुठलं? एकेक हॉटेल पाहिलं, सगळीकडे एकच उत्तर, स्वयंपाकघर नऊला उघडेल. रस्त्याच्या चढावर दादाचा हात थरथरायला लागला, कपाळावर घाम आला. ऋतुजाच्या पर्समध्ये दोन लिमलेटच्या गोळ्या निघाल्या, त्या त्याच्या तोंडात टाकल्या आणि समोर दिसलं त्या दारात आम्ही शिरलो.

आत एक जाडजूड बाई खुर्च्या मांडत होती. ऋतुजाने दोन वाक्यं बोलायच्या आत तिने दादाचा चेहरा पाहिला, त्याला धरून खुर्चीत बसवलं आणि आत गेली. आधी संत्र्याचा रस आला. मग पाव आणि गुलाबी रंगाचं गोड लोणी, तिथली खासियत. मग मोठ्या तव्यात अंडी घालून परतलेल्या रानातल्या अळिंब्या, त्या आठवड्यात नुकत्याच आलेल्या. बाई दादाच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तो खातो की नाही हे बघत. तिची आई साखरेच्याच आजाराने गेली, असं तिने ऋतुजाला सांगितलं. दादाच्या चेहऱ्यावर रंग आला तेव्हा तिने त्याच्या गालावर हलकेच चापट मारली आणि हसली. मग आपल्या खुर्च्या मांडायला परत गेली.

आमच्याकडे दारात आलेल्या परक्या माणसाला आधी पाणी देतात, मग कोण, कुठला हे विचारतात. तिने तर विचारलंच नाही. निघताना दादाने हात जोडून तिला "जयभीम" म्हटलं. तिनेही हात जोडले आणि जमेल तसं "जाबीम" म्हणाली. आजही संध्याकाळी भाकरीचा पहिला तुकडा मोडताना तिची आठवण होते.

टेकडीवर

सकाळी स्वच्छ ऊन होतं पण बोटं आखडत होती. गावाबाहेर दोन नद्या एकत्र येतात आणि त्यांच्या संगमावर ही टेकडी. आपल्याकडच्या डोंगरांच्या मानाने टेकाडच. वर सपाट पठार, त्यावर दगडांत आखलेले रस्ते आणि घरांचे पाये. एक-दोन घरं जुन्या पद्धतीने, गवताच्या छपराची, नव्याने बांधून दाखवली आहेत. दारात वाकून शिरलो तर आत जातं होतं. दादा जात्याजवळ बसला. "आजीचं अस्संच होतं," म्हणाला.

माहिती सांगायला पिलार नावाची बाई होती. साठीची, उन्हाने रापलेली, पायांत चिखलाचे बूट. तिची माणसं याच भागातली. ती स्पॅनिशमध्ये बोलायची आणि ऋतुजा हळू आवाजात मराठी करायची.

पिलारने आम्हाला कडेला नेलं आणि समोरच्या टेकड्या एकेक करून दाखवल्या. त्या टेकडीवर रोमनांची एक छावणी, त्या पलीकडे दुसरी, अशा सात. सगळ्यांना जोडणारी भिंत, भिंतीपुढे खंदक, ठरावीक अंतरावर बुरूज. नदीतून कुणी पोहून जाऊ नये म्हणून पाण्यात लाकडाचे ओंडके दोरांनी बांधून सोडलेले आणि त्यांत भाल्यांची पाती ठोकलेली. प्रवाहाने ते ओंडके सतत फिरत राहायचे. इतकं सगळं या पठारावरच्या काही हजार माणसांसाठी. बाहेर रोमन आणि त्यांचे मित्र मिळून साठ हजार होते असं जुने लेखक सांगतात. तो रोमन सेनापती लढाईच देईना. आत अन्न संपेपर्यंत बसून राहायचं, एवढाच त्याचा बेत.

दादा ऋतुजाला म्हणाला, "त्यांना विचार, का? काय होतं हितं? सोनं होतं का?"

पिलार हसली. "सोनं नव्हतं. गहू, गुरं आणि थंडी."

"मग सोडून का नाय दिलं? एवढा खर्च कशापायी?"

"हे मला शाळेतली मुलं विचारतात," पिलार म्हणाली. "मोठी माणसं विचारत नाहीत. त्यांना वाटतं, रोम होतं म्हणून वेढा घातला."

ती एका घराच्या पायाच्या दगडावर बसली आणि आम्हालाही बसवलं. मग तिने सांगितलं ते असं. वीस वर्षं हा झगडा अधूनमधून चालू होता. दर वेळी नवा सेनापती यायचा आणि मार खाऊन जायचा. एकदा तर एक सेनापती हजारो सैनिकांसह सापडला आणि जीव वाचवायला त्याने नुमान्सियाशी तह केला. रोमने तो तह मानायलाच नकार दिला. उलट त्या सेनापतीला अंगावरचे कपडे काढून, हात मागे बांधून या गावाच्या वेशीशी आणून सोडलं, की हा घ्या, तह याने केला होता. गावाने त्याला आत घेतलं नाही. तो बिचारा दिवसभर वेशीबाहेर तसाच.

"एवढी लाज झाल्यावर परत फिरता येतं का?" पिलार म्हणाली. "रोम एखादी मोठी लढाई हरलं तरी चालायचं. मोठ्या शत्रूपुढे हरण्यात बेअब्रू नव्हती. पण एवढंसं गाव उभं राहिलं तर आजूबाजूची सगळी गावं रोज सकाळी उठून बघणार, नुमान्सिया अजून आहे का? आहे. मग आपण कर कशाला द्यायचा? वेढा या गावाला होता. दाखवायचा होता बाकीच्यांना." जरा थांबून म्हणाली, "आणि सेनापतीला घरी जाऊन मिरवायचंही असतंच. शिपायांना पोसावं लागतंच, मग बसवून ठेवण्यापेक्षा खोदायला लावलेलं बरं."

दादा खूश झाला. "आमच्याकडं रामशेज हाय," त्याने सांगायला सुरुवात केली. "नाशिकहून पेठ रोडला लागलं की दिसतो. एवढासा किल्ला. बादशहाची फौज वर्षानुवर्षं खाली बसून होती." वर तोफा नव्हत्या म्हणून मावळ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडं मढवलं, ही गोष्ट त्याने हातवारे करून सांगितली. पिलारला ती इतकी आवडली की तिने वही काढली, ऋतुजाकडून 'रामशेज' लिहून घेतलं आणि दादाला विचारलं, "मग बादशहाने का नाही सोडून दिला?"

"तुम्ही सांगितलं त्याच्यापायीच," दादा म्हणाला. "बाकीचे बघत व्हते."

मला वाटलं आता संपलं. पण पिलारने आणखी एक हकीकत सांगितली. वेढा पडलेला असताना नुमान्सियातले काही जण शिडी घेऊन भिंतीपलीकडे निसटले आणि शेजारच्या गावांकडे मदत मागायला गेले. सगळ्यांनी हाकलून दिलं. लुतिया नावाच्या एका गावातले तरुण मात्र तयार झाले. त्याच गावातल्या वडीलधाऱ्यांनी घाबरून रोमनांना कळवलं. सेनापती तडक तिथे पोचला, त्याने त्या तरुणांना ताब्यात मागितलं आणि चारशे जणांचे हात तोडले.

"म्हणजे ज्यांनी अजून काही केलंही नव्हतं त्यांचे," ऋतुजाने आपल्याकडून जोडलं.

मी चष्मा काढून पुसायला लागलो. बराच वेळ पुसत राहिलो. शेवट काय झाला तो पिलारने थोडक्यात सांगितला. आत उपासमार झाली, कित्येकांनी स्वतःचा जीव घेतला, उरलेले बाहेर आले आणि गुलाम म्हणून विकले गेले. "हे सगळं जिंकणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेलं," ती म्हणाली. "आत काय बोलणं चाललं होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही."

निघताना तिने दादाचा हात दोन्ही हातांत घेतला. इतक्या लांबून एवढ्याशा गावासाठी आल्याबद्दल तिने त्याचे आभार मानले.

नदीकाठी

ऋतुजाला ऑफिसचा फोन आला आणि ती गाडीत बसून बोलायला लागली. आम्ही दोघे नदीकडे उतरलो. काठाला उंच सरळ झाडं होती, पानं पिवळीधमक झालेली. पाणी इतकं संथ की वाहतंय हे कळायला एखादं पान पडावं लागे. एका पडलेल्या खोडावर आम्ही बसलो.

मी म्हणालो, "दादा, त्या लुतियाच्या वडीलधाऱ्यांसारखं मी केलंय."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "कंत्राटी पोरांचं म्हणतोस?"

मी मान हलवली. मग एकदम सगळं आलं. टाइम ऑफिसच्या वरच्या खिडकीतून पत्र्यापलीकडचं दिसायचं. जेवणाच्या सुट्टीत काही कंत्राटी पोरं पार्किंगच्या मागून ताडपत्रीकडे जायची, आपल्या डब्यातली भाकरी द्यायची. एक दिवस साहेबाने मला बोलावून सांगितलं, कोण कोण जातं त्याची यादी कर. मी केली. सात नावं. साहेबाने ती ठेकेदाराला दिली आणि त्यातल्या तिघांना दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं नाही. त्या तिघांत निवृत्ती होता. इगतपुरीकडचा, बोलका, दादाला रोज अर्धी भाकरी देणारा.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तवाच. यादी टाइम ऑफिसातनं गेली एवढं आलं होतं कानावर. ऑफिसात तुम्ही दोघं. दुसरा टायफॉइडनं घरी होता."

"मग मला विचारलं का नाहीस?"

दादाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास, नायतर खरं. खोटं बोलला असतास तर मला राग आला असता. खरं बोलला असतास तर तुझ्या वहिनीला तुला ताट वाढता आलं नसतं. ऋतू पाचवीत होती. घर एकच होतं आपलं."

अठरा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी जेवला होता. मी रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. त्याने मला रडू दिलं. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. मग म्हणाला, "पण मला सांगून उपयोग नाय, विलास. माझी नोकरी काय तू घालवली नाय. माझी मी सोडली. निवृत्तीला सांग."

"तो काय म्हणेल?"

"म्हणंल ते म्हणंल. मी येतो बरोबर."

ऋतुजा वरून हाका मारत आली. माझे डोळे पाहून म्हणाली, "काय झालं पप्पा?"

"काय नाय," दादा उठत म्हणाला, "तुझ्या बापाला भूक लागली." आणि खरंच, त्या दुपारी खालच्या गावात आम्ही जेवलो ते जेवण स्पेनमधलं सगळ्यात चविष्ट होतं. कुरकुरीत तळलेल्या डुकराच्या मांसाच्या लांब पट्ट्या आणि चुरलेल्या पावाचा लसणीत परतलेला उपमा. दादाने दोनदा मागून घेतला.

पुढचे आठ दिवस आणखी बरंच पाहिलं. मोठी चर्चं, राजवाडे, एक संग्रहालय जिथे मी हरवलो आणि एका शाळकरी मुलीने हाताला धरून दाराशी आणून सोडलं. ते सगळं फोटोंत आहे.

इगतपुरी

प्रवास इथेच संपला असता. पण मला वाटतं, खरा मुक्काम अजून राहिला होता.

परत आल्यावर दादाने त्या तिघांचा शोध लावला. एक सुरतेला गेला, त्याचा पत्ता अजून मिळालेला नाही. एक आता हयात नाही. निवृत्ती मात्र गावीच होता, इगतपुरीच्या अलीकडे. नोव्हेंबरच्या एका सकाळी आम्ही एसटीने गेलो. भाताची सोंगणी होऊन खाचरं मोकळी झाली होती, पेंढ्या खळ्यावर रचलेल्या.

निवृत्तीची पिठाची गिरणी आहे. भुवयांपर्यंत पांढरा झालेला तो बाहेर आला आणि दादाला पाहून त्याने मोठ्याने हाक मारली, "अशोकदादा! आवो, किती वर्सांनी!" मला ओळखायला त्याला जरा वेळ लागला. घरात नेलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी चहाची वाट पाहिली नाही. चहा घेतल्यावर हे बोलणं जमलं नसतं.

मी सांगत होतो तेव्हा तो उभाच होता. सांगून झालं. बाहेर जाऊन त्याने गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला, मग आत येऊन समोर बसला.

"वरून दिसायचं?" त्याने विचारलं.

"हो. खिडकीतून."

"सगळं?"

"पार्किंगच्या मागचं सगळं."

त्याने तोंडावरून हात फिरवला, पिठाचे पट्टे उमटले. "दोन वर्सं काम मिळालं नाय मला," तो म्हणाला. "अंबडात नाय, सातपूरला नाय. बायकोच्या माहेरी राह्यलो. ते जाऊ द्या." मग दादाकडे वळून म्हणाला, "म्हंजे राजारामनं सांगितलं नव्हतं?"

दादा चमकला. राजाराम म्हणजे त्या अकरांपैकी एक, निवृत्तीच्याच गावचा, लहानपणापासूनचा जोडीदार. आता सातपूरला मुलाकडे राहतो.

"मागच्या बाजूनं मी येतो हे ताडपत्रीतल्यांनाच ठाऊक होतं," निवृत्ती म्हणाला. "त्याच आठवड्यात राजारामला साहेबानं आत बोलावलं होतं. मला वाटलं, त्यानंच नावं दिली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाय. तो दोनदा हितं आला, मी मागच्या दारानं निघून गेलो. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो नाय. माझी पोरगी त्याच्या मांडीवर वाढलेली."

"मला हे ठाऊक नव्हतं रे," दादा म्हणाला.

मी म्हणालो, "निवृत्ती, माझं चुकलं." दुसरं काही सुचलं नाही.

"चुकलंच," तो म्हणाला. एवढंच. रागाने नाही, मऊपणेही नाही. पण जे होतं ते त्याने नावाने म्हटलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. उगाच 'जाऊ द्या हो' म्हणाला असता तर मी तसाच परतलो असतो.

त्याची बायको चहा घेऊन आली आणि आमचे चेहरे पाहून कप ठेवून दारात थांबली. निवृत्तीने दादाला विचारलं, "नंबर हाय का त्याचा?"

दादाने चष्मा लावला, आपल्या फोनमध्ये शोधला आणि आकडे एकेक करून सांगितले. निवृत्ती ते पिठाच्या बोटाने दाबत गेला. आपण इथे असू नये असं वाटून मी उठायला लागलो. त्याने फोन कानाला लावलेलाच होता, दुसऱ्या हाताने मला खूण केली. बसा.

मी बसलो.

"राजाराम," तो म्हणाला, "मी बोलतोय. निवृत्ती."

पलीकडून एकदम इतकं बोलणं आलं की आम्हालाही त्याचा आवाज ऐकू येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. निवृत्तीने डोळे मिटून घेतले.

"हां," तो म्हणाला, "हां, हाय, जिता हाय. ऐक तर. भात झोडायला घेतलाय. रविवारी ये."